चंद्रशिला एका दिवसात: सोलापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

हिमालयात पहिल्यांदाच चढायला निघालेल्या आपल्याकडच्या मंडळींना चोपता–तुंगनाथ–चंद्रशिला ही वाट सोयीची वाटते. वाटेत मंदिर आहे, बराचसा रस्ता फरसबंद आहे आणि एका दिवसात वर जाऊन खाली येता येतं. बेत ठरला की फोन आणि मेसेज सुरू होतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथं दिले आहेत. सगळ्यात जास्त विचारणा थंडीची होते. पण तिथं माणसाला खरा त्रास देतात ते ओले कपडे, वारा आणि उशिरा परत फिरणं. म्हणून ६ आणि ७ ही उत्तरं प्रत्येकानं वाचावीत, बाकीची गरजेप्रमाणे.

१. चंद्रशिला नेमकी कुठं आहे आणि किती चढायचं असतं?

उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात. चढाई चोपत्यापासून सुरू होते. चोपता साधारण २७०० मीटर उंचीवर आहे. तिथून साडेतीन-चार किलोमीटरवर तुंगनाथ, पंचकेदारांपैकी, म्हणजे गढवालमधल्या पाच शिवमंदिरांपैकी, तिसरा केदार. मंदिराच्या मागून आणखी दीडेक किलोमीटर चढलं की चंद्रशिला शिखर. शिखराची उंची कुठं ३६९० मीटर, तर कुठं थेट ४००० मीटर लिहिलेली दिसेल. तुमच्या पायांसाठी चोपत्यापासून सुमारे एक हजार मीटरचा चढ असा हिशेब धरा. सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे, हेही ध्यानात असू द्या.

सुरुवातीला बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि ओकचं जंगल लागतं. मग झाडं संपतात आणि बुग्याळ, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं सुरू होतात. झाडं संपली की आडोसाही संपतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

२. "मध्यम अवघड" म्हणजे किती? सिंहगड चढलोय, जमेल का?

आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे सुमारे ६०० मीटरचा चढ. बारी गावातून कळसूबाई म्हणजे सुमारे ९००. पायांच्या दृष्टीनं चंद्रशिला कळसूबाईच्या जवळपास आहे, आणि तुंगनाथपर्यंतची वाट कळसूबाईपेक्षा सोपी आहे. शिड्या नाहीत, कडे नाहीत. अवघड आहे ती हवा. साडेतीन हजार मीटरच्या वर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो. त्यामुळे घरी जो वेग सहज वाटतो, त्याच्या निम्म्या वेगानं चालायची तयारी ठेवा. चढायला साडेतीन ते पाच तास आणि उतरायला दोन ते तीन तास धरावेत.

मंदिराच्या वरचा टप्पा मात्र वेगळा आहे. फरसबंदी संपते, पायवाट उभी आणि मातीची होते. पाऊस झाला असेल तर निसरडी, आणि मोसमाच्या सुरुवातीला तिच्यावर बर्फाचे पट्टे असतात.

३. सोलापूरहून जायचं कसं? सुट्टी किती दिवसांची काढू?

कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरवरून थेट नवी दिल्लीला जाते. दिल्लीहून रेल्वेनं किंवा बसनं हरिद्वार–ऋषिकेश. तिथून देवप्रयाग, श्रीनगर (गढवालमधलं), रुद्रप्रयाग, कुंड, उखीमठ असा रस्ता आहे. ऋषिकेश ते चोपता अंतर २०० किलोमीटरच्या आसपास असलं तरी डोंगरातला रस्ता सात-आठ तास खातो, आणि दरड कोसळली तर किती तास जातील ते सांगता येत नाही. थेट चोपत्याच्या बस मोजक्याच. उखीमठपर्यंत येऊन पुढं जीप करणं सोयीचं पडतं.

घरून निघून घरी येईपर्यंत नऊ-दहा दिवस धरा. त्यांतला एक दिवस राखीव ठेवा, म्हणजे त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. सात दिवसांत बसवलेला कार्यक्रम कागदावर छान दिसतो. पण त्यात एक दिवस पाऊस आला की माणसं पावसातच वर निघतात, कारण परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं असतं.

४. दिवाळीच्या सुट्टीत जावं, की मे महिन्यात?

दिवाळीच्या आसपास. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, हवा सगळ्यात स्वच्छ असते. चौखंबा (७१३८ मीटर), त्रिशूल, नंदादेवी अशी शिखरं स्पष्ट दिसतात. पहाटे थंडी कडक असते, पण ती कोरडी थंडी. कपड्यांनी तिचा बंदोबस्त होतो.

मे महिन्यात मुलांना सुट्टी असते हे खरं. पण तेव्हा चारधामची गर्दी असते, रस्ते तुंबतात आणि दुपारी गारांसह वादळी पाऊस वरचेवर येतो. जाणारच असाल तर ७ क्रमांकातली वेळ काटेकोरपणे पाळा. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, दरडींमुळे रस्त्यातच अडकाल. मार्च-एप्रिलमध्ये बुरांश लाल फुलांनी डवरलेला असतो, पण वरच्या टप्प्यात बर्फ असतो. त्याबद्दल १६ पाहा.

५. सोलापूर तर सपाट. सराव करायचा कुठं?

जिन्यांवर. होटगी रोडची किंवा विजापूर रोडची एखादी पाच मजली इमारत पुरेशी आहे. पाच मजले म्हणजे साधारण १५ मीटर चढ. वीस फेऱ्या केल्या की ३०० मीटर होतात. जायच्या आधी दोन-अडीच महिने आठवड्यातून तीनदा, शेवटच्या महिन्यात पाठीवर पाच किलो घेऊन. लिफ्टनं खाली येऊ नका. गुडघे आणि मांड्या दुखतात त्या उतरताना, त्यामुळे सरावही उतरण्याचाच जास्त हवा. सिद्धेश्वर तलावाभोवती रोज फिरणं चांगलंच, पण एवढ्यानं चढाची तयारी होत नाही. सुट्टीच्या दिवशी तुळजापूरकडं बालाघाटच्या डोंगरात चालून या, आणि निघण्यापूर्वी एकदा तरी सिंहगड किंवा कळसूबाई पाठीवर सामान घेऊन करा.

मे महिन्यात दुपारी उन्हात पळून दम वाढवण्याची कल्पना बरेच जण विचारतात. त्यानं उष्माघात होईल. विरळ हवेची सवय त्यातून मिळत नाही.

६. सकाळी आकाश अगदी निरभ्र असेल तरी हवामान बिघडतं का?

हो, आणि तेही तीन-चार तासांत. आपल्याकडचा वळीव आठवा. सकाळी पांढरं स्वच्छ ऊन, दुपारी घुसमट, चारच्या सुमाराला ढग चढत जातात, मग वारा, गडगडाट आणि सरी. डोंगरातही घडतं हेच, फक्त कितीतरी आधी. सकाळचं ऊन पूर्वेकडच्या उतारांवर पडलं की दरीतली ओलसर हवा तापून उताराला धरून वर चढते, वर जाताना गार होते आणि तिचे ढग होतात. म्हणून नऊ-दहाला शिखराच्या अंगावर दिसणारे कापसासारखे पुंजके बारा वाजेपर्यंत काळे पडू शकतात. वळीव आपण घरातून पाहतो. तिथं तुम्ही त्या ढगाच्या आत असता.

दुसरं कारण पश्चिमी झंझावात. हिवाळ्यात आणि वसंतात ते पश्चिमेकडून येतात आणि दोन-दोन दिवस बर्फ किंवा पाऊस देतात. त्यांचा अंदाज बऱ्यापैकी आधी मिळतो. देहरादूनचं हवामान केंद्र जिल्हावार इशारे देतं. रुद्रप्रयाग आणि चमोली, दोन्ही जिल्ह्यांचे इशारे पाहा, कारण चोपता त्या दोहोंच्या सीमेजवळ आहे. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशी वर जाऊ नका. फोनवरचा अंदाज अनेकदा दरीतल्या गावाचा असतो. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, तेवढं त्यातून वजा करा.

आता वाऱ्याचं. शिखरावर ५ अंश तापमान आहे आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा आहे, तर उघड्या कातडीला ते उणे १ अंशासारखं लागतं. त्यात कपडे ओले असतील तर शरीराची उष्णता आणखी झपाट्यानं जाते. शून्याच्या वरच्या तापमानातही माणूस गारठून गंभीर होतो तो असा.

चालताना डोळे उघडे ठेवून या खुणा पाहा: सूर्याभोवती खळं, उंच आकाशात पिसांसारखे ढग दाटत जाणं, शिखरांवर टोपीसारखा ढग बसणं, वाऱ्याची दिशा अचानक बदलणं, आणि दहाच्या आत ढगांची उंची रुंदीपेक्षा वाढू लागणं. शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. आणि चंद्रशिलेचा दांडा, म्हणजे डोंगराची लांब धार, समोर असतो, त्यामुळे पलीकडून येणारं वादळ तुम्हाला दिसत नाही. खाली उतरणाऱ्या माणसांना विचारा, वरून काय दिसलं ते.

७. किती वाजता निघायचं आणि किती वाजता परत फिरायचं?

पहाटे पाचच्या आत चोपता सोडा. सूर्योदय शिखरावरून पाहायचा असेल तर अडीच-तीनला निघावं लागतं. त्यासाठी डोक्याला लावायची बॅटरी आणि रात्रीच्या थंडीचे कपडे हवेत. पहिल्या खेपेला मी तो आग्रह धरणार नाही. उजाडता उजाडता जंगल पार करणं पुरेसं सुंदर असतं, आणि मोनाल पक्षी दिसायची शक्यताही तेव्हाच.

परत फिरण्याची वेळ आदल्या रात्री ठरवा: सकाळी अकरा. अकराला जिथं असाल तिथून खाली. शिखर समोर दिसत असलं तरी. ही वेळ गटातल्या सगळ्यांना सांगा, एका कागदावर लिहा आणि एका माणसाकडं तिचा निर्णय सोपवा. वर पोहोचल्यावर मतदान घेतलं तर थकलेला माणूस गप्प बसतो आणि उत्साही माणूस जिंकतो. म्हणून निर्णय आधीच, सपाटीवर, पोटभर जेवून घ्यावा. अकराची वेळ ही कमाल मर्यादा. ६ मधल्या खुणा आधी दिसल्या तर आधीच फिरा.

८. बेचाळीस अंशांत राहणारे आम्ही. थंडी सोसवेल का? कपडे काय घेऊ?

सोसवेल. शरीरापेक्षा कपड्यांची निवड चुकते. आपल्याकडं उन्हाळ्यामुळे सुती कपड्यांची सवय आहे, आणि तिथं नेमकं सुतीच नको. सूत घाम आणि पाणी धरून ठेवतं आणि अंगाला गारठवतं. अंगालगत पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि वर वारा-पाऊस अडवणारं टोपीचं जाकीट. जीन्स नको. कानटोपी, हातमोजे आणि मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.

चालायला लागताना थोडं गार वाटलं पाहिजे. सगळे थर घालून निघालात तर अर्ध्या तासात घामानं आतून भिजाल, आणि मग वर थांबलात की तोच घाम थंड पडतो.

गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. "आम्हाला उन्हाची सवय आहे" हे तिथं चालत नाही.

९. सोलापुरी चादर सोबत नेऊ का?

रेल्वेच्या बर्थवर आणि चोपत्याच्या खोलीत, जरूर न्या. तिथल्या रजयांना कुबट ओल असते. त्यांच्या आत स्वतःची चादर असली की झोप लागते. चढाईच्या सॅकमध्ये मात्र नको. आपली चादर आणि टॉवेल, भौगोलिक मानांकन मिळालेले दोन्ही, सुताचे आहेत. भिजले की जड होतात आणि वाळत नाहीत. वर शाल म्हणून लपेटायलाही नको, उतारावर पायात येते.

१०. बूट नवीन घ्यावेत का? काठी लागते का?

पक्की पकड असलेले, घोटा सांभाळणारे बूट हवेत. घ्यायचे तर निघण्याच्या महिनाभर आधी घ्या आणि जिन्यांच्या सरावात वापरा. एक काठी पुरेशी आहे, चोपत्यात भाड्यानंही मिळते. उतरताना तिचा उपयोग चढण्यापेक्षा जास्त.

११. खायला काय न्यायचं? कडक भाकरी चालेल?

चालेल, उत्तम चालेल. ज्वारीची कडक भाकरी आठवडाभर टिकते, वजनाला हलकी असते आणि शेंगाचटणीसोबत पोट धरते. पण ती संध्याकाळी चोपत्यात पोहोचल्यावर खायची. वरच्या कोरड्या हवेत तोंड आधीच सुकलेलं असतं, त्यात भाकरी घशाखाली उतरत नाही, आणि तिखटानं मळमळ वाढते. चढताना गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू खा. उंचीवर भूक मरते, म्हणून भुकेची वाट न पाहता तासातासाला दोन घास पोटात जाऊ द्या. माणशी दोन लिटर पाणी. मोसमात वाटेवर चहाची दुकानं असतात, पण पहाटे ती उघडी असतीलच असं नाही.

१२. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून गोळी घ्यावी का?

आधी मुक्काम नीट आखा. सोलापूरहून निघून थेट चोपता आणि दुसऱ्या पहाटे शिखर, असं करू नका. एक रात्र उखीमठ किंवा सारी गावात काढा, दिवसा देवरिया ताल या डोंगरातल्या तळ्यापर्यंत चढून या, मग एक रात्र चोपत्यात. त्या दोन दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. एवढ्यानं बहुतेकांचं भागतं. अॅसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगावं. मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नका.

१३. वाटेत डोकं दुखायला लागलं तर? आणि तो माणूस "मी ठीक आहे" म्हणत असेल तर?

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, जेवण नको वाटणं: यांतलं काही जाणवलं तर थांबा, पाणी प्या, आणखी वर जाऊ नका. तासाभरात कमी झालं नाही तर खाली. चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप, छातीत घरघर दिसली तर क्षणाचाही उशीर न करता, अंधार असला तरी, उतरवायला सुरुवात करा. यावर उतरणं हाच इलाज आहे.

गारठलेला माणूसही असाच अडखळतो आणि असंबद्ध बोलतो. जाकिटाची चेन लावता येत नसेल तर ती पहिली खूण समजा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्याआड न्या, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका.

"मी ठीक आहे" यावर विश्वास ठेवू नका. त्याला सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर चर्चा संपली. त्याला एकट्याला कधीही खाली पाठवू नका, कोणीतरी सोबत उतरायचं. तातडीसाठी ११२ आणि १०८ हे क्रमांक आहेत, पण चोपत्यात नेटवर्क भरवशाचं नाही. मदत मागायला माणूस पाठवावा लागेल हे गृहीत धरा.

१४. वर असताना वीज कडाडली तर?

चमक दिसल्यापासून आवाजापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शिखर आणि दांडा ताबडतोब सोडा. शिखरावर गंगेचं छोटं मंदिर आहे, ते आडोशाला वापरू नका. विजेपासून ते वाचवत नाही, उलट तुम्ही सगळ्यात उंच जागी उभे असता. काठ्या आणि धातूच्या वस्तू बाजूला ठेवून, एकमेकांत अंतर राखून उतरा. उतरणं शक्यच नसेल तर खोलगट जागी, सॅकवर पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर जायचा विचार नको.

१५. वडील पासष्ट वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. त्यांना न्यावं का? आणि सात वर्षांची मुलगी?

बाबांना तुंगनाथपर्यंत नेता येईल. जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या आणि किती उंचीवर जाणार तो आकडा डॉक्टरांना सांगा. नुसतं "देवदर्शनाला चाललोय" म्हणू नका. मंदिरापर्यंत खच्चर (खेचर) मिळतं. पण खच्चरावरून गेलेला माणूस न दमता उंचावर पोहोचतो, म्हणून १३ मधली लक्षणं उशिरा लक्षात येतात, आणि बसून राहिल्यानं तो जास्त गारठतो. त्यांना चालणाऱ्यांपेक्षा एक थर जास्त घाला. शिखराचा टप्पा त्यांच्यासाठी नको.

मुलीला न्यायला हरकत नाही, पण लहान मुलं त्रास नीट सांगू शकत नाहीत. किरकिर, खेळ थांबणं, जेवण टाळणं ही लक्षणंच समजून खाली आणा. तिच्यासोबतचा मोठा माणूस शिखर सोडायला मनापासून तयार हवा.

१६. बर्फात जायचंय. फोटो फार सुंदर दिसतात.

डिसेंबर ते मार्च हा वेगळाच ट्रेक आहे. रस्ता चोपत्याच्या अलीकडेच बंद होऊ शकतो, फरसबंद वाट बर्फाखाली जाते आणि काही उतारांवरून बर्फ घसरतो. बुटांना लावायचे काटे, गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारं पोटरीवरचं आवरण) आणि त्या भागातला जाणता गाईड असल्याशिवाय जाऊ नका. बर्फावर कधी चालला नसाल तर तुंगनाथपर्यंतच जाऊन परत या.

१७. बाकीच्या काळात गाईड लागतो का? एकट्यानं गेलं तर?

तुंगनाथपर्यंत वाट चुकत नाही. त्याच्या वर ढग उतरला की दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि बुग्याळावर पायवाटांचं जाळं आहे. पहिली खेप असेल तर गाईड घ्या. त्याला त्या दिवसाचं आकाश वाचता येतं, आणि पैसे गावातच राहतात. ढगात सापडलात तर वाट सोडून शॉर्टकट घेऊ नका. आल्या वाटेनं, एकमेकांना दिसत राहून, मंदिराकडं उतरा. एकट्यानं जाणाऱ्यानं खोलीच्या मालकाला परतायची वेळ सांगून निघावं. हा सगळा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, वनखात्याची पावती जपून ठेवा.

१८. वर बुग्याळात तंबू टाकता येईल का?

नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ साली बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. तिथलं गवत एकदा उखडलं की परत यायला वर्षं लागतात. मुक्काम चोपत्यात किंवा सारीत.

१९. मंदिर बंद असेल तर जाण्यात अर्थ आहे का?

दरवाजे साधारण एप्रिल-मेमध्ये उघडतात आणि दिवाळीनंतर बंद होतात, तारखा दरवर्षी जाहीर होतात. हिवाळ्यात तुंगनाथाची उत्सवमूर्ती मक्कूमठच्या मार्कंडेय मंदिरात असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ ओढणाऱ्या आपल्या पद्मशाली बांधवांनी तिथं आवर्जून जावं. उखीमठही नुसतं गाडी बदलायचं ठिकाण समजू नका. केदारनाथाची हिवाळी पूजा तिथं होते, आणि केदारनाथचे रावळ, म्हणजे मुख्य पुजारी, परंपरेनं वीरशैव जंगम समाजातले असतात. सिद्धरामेश्वरांच्या गावातून गेलेल्या माणसाला ते दूरचं वाटणार नाही.

२०. शिखर अर्ध्या तासावर आहे, दहाच वाजलेत, पण ढग भरून आलेत. एवढा खर्च करून आलो, काय करू?

हा प्रश्न खरा, आणि तो तिथंच उभा राहतो. मंदिराजवळ आडोसा आहे. ढग पांढरे, वारा शांत आणि गडगडाट नसेल तर मंदिरापाशी कोरडे कपडे घालून वीस मिनिटं थांबा आणि पाहा. ढग विरले तर जा, अकराची मर्यादा कायम ठेवून. मंदिराच्या वर निघाला असाल आणि काळोखी, गार वाऱ्याचा झोत किंवा एक जरी गडगडाट आला, तर थांबून पाहू नका, फिरा. वरचा अर्धा तास म्हणजे येऊन-जाऊन निदान तासभर उघड्या दांड्यावर, हे मोजा. झालेला खर्च दोन्ही निर्णयांत झालेलाच आहे, तो या हिशेबात धरू नका.

मग राखीव दिवस कामी येतो. खाली आल्या आल्या खोलीच्या मालकाला आणखी एका रात्रीचं सांगा, मोसमात दुपारनंतर खोल्या भरतात. ओले बूट कागद कोंबून वाळत ठेवा, लवकर जेवा आणि चारचा गजर लावा.